कॉम्प्युटरच्या कार्डाला कुंकू

भाऊबीज उलटून दुकान उघडलं, त्या दिवशीची गोष्ट. इतवारीतलं कापडाचं ठोक दुकान, ऐंशीचं दशक संपत आलेलं, आणि मी तिथली कॉम्प्युटर ऑपरेटर... नवीन, म्हणजे कधीही काढून टाकता येईल अशी.

परवा लेकीच्या लॅपटॉपला स्वतःचंच वायफाय कार्ड दिसेना म्हणून ती रडकुंडीला आली होती. मला आधी हसू आलं, मग तो जुना दिवस आठवला आणि तेव्हाचा रागही. म्हणून लिहितेय.

सेठजींनी मोठ्या हौसेनं कॉम्प्युटर घेतला होता. आमच्या गल्लीत पहिलाच. लोक कापड घ्यायला यायचे आणि काचेच्या केबिनमध्ये डोकावून जायचे. दिवाणजींना मात्र तो डोळ्यांसमोर नको होता, आणि मी तर त्याहून नको. ते दुकानाचे जुने हिशेबनीस. मी इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतली, हे आडनाव सांगताक्षणीच त्यांना कळलं होतं... त्या दिवसापासून माझा पाण्याचा ग्लास वेगळा. मी दुसऱ्या दिवशी घरून बाटली नेली आणि त्यांच्याच टेबलावर ठेवली. रोज ठेवायचे.

तर त्या सकाळी मी कॉम्प्युटर सुरू केला आणि त्याला हार्ड डिस्क सापडेना. आत एक कार्ड असतं, ते डिस्क आणि मशीन यांच्यात निरोप्याचं काम करतं. ते कार्डच त्याला दिसत नव्हतं. बंद केला, सुरू केला, पुन्हा तेच. दुकानाचा सगळा हिशेब आत, आणि पडद्यावर इंग्रजीत एकच नकार.

बातमी गादीपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? सेठजी तिथूनच ओरडले, "काहून वं, जाताना काय करून गेली होती तू?" गिऱ्हाईकं, हमाल, सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दिवाणजी हळूच म्हणाले, "मी तं आधीच म्हटलं होतं. कोणाचा हात लागून राहिला मशीनले, ते तं पाहा."

मी म्हटलं, "कोणाचा म्हणजे? सरळ बोला न जी."

अशी माणसं कधीच सरळ बोलत नाहीत.

सेठजींचा निकाल तयार होता. मुंबईचा इंजिनियर येईल तेव्हा येईल, तोवर मी घरी बसायचं, आणि जमलंच नाही तर मशीन परत, आपल्या वह्या बऱ्या. म्हणजे माझी नोकरी गेलीच. बाबा खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनात कोळशाच्या धुळीत राबत होते आणि त्यातून त्यांनी माझ्या कॉम्प्युटरच्या क्लासची फी भरली होती. 'पोरीनं मशीन बिघडवली' हे त्यांच्या कानावर जाणं मला परवडणारं नव्हतं.

"जाईन जी घरी," मी म्हटलं. "पण बदनाम होऊन नाही जाणार. आधी झाकण उघडू द्या." आणि दारातून हलले नाही. शेवटी सेठजी वैतागून म्हणाले, "उघड बाप्पा."

वायर काढली, झाकण उघडलं... आणि कापराचा वास आला! आत झेंडूची पाकळी. आणि त्या कार्डावर ओल्या कुंकवानं काढलेला ठसठशीत 'श्री'.

मी सेठजींकडे बघितलं, सेठजींनी दिवाणजींकडे. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा होते, ती वही उघडून, पहिल्या पानावर 'श्री' लिहून. यंदा हिशेब कॉम्प्युटरमध्ये. "बंद वहीची पूजा करते काय कोणी?" असं म्हणून दिवाणजींनी झाकण काढलं, आतली एक हिरवी पाटी, म्हणजे हेच कार्ड, उपसली, ताटात ठेवून तिला ओवाळलं आणि परत खुपसून दिली. तर्क बिनतोड होता, हे आजही मान्य करते. मला पूजेला बोलावलं नव्हतं. आमच्या घरी ती होतही नाही, त्यामुळे त्याचं वाईट वाटलं नव्हतं.

कार्डाच्या कडेचे सोनेरी दात कुंकवानं माखले होते. क्लासमध्ये सरांनी दाखवलं होतं तसं खोडरबरानं घासून लख्ख केले, कार्ड बसवलं, सुरू केलं... पुन्हा तोच नकार. दिवाणजी मिशीत हसले.

मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडणार कोण? वायर काढून पुन्हा कार्ड उपसलं आणि खाचेत टॉर्च मारला. तळाशी अक्षतांमधला एक तांदूळ बसला होता, त्यामुळे कार्ड पूर्ण आत जातच नव्हतं. केसातली पिन काढून तो उचकटला. या वेळी कार्ड खट्कन बसलं आणि दोन श्वासांत पडद्यावर दुकानाचं नाव उमटलं.

सेठजींचा चेहरा खुलला. मग ते केबिनचं दार लोटून हळू आवाजात म्हणाले, "लाइटचा झटका लागला होता, असं सांगून देऊ लोकाईले. पूजेचं कायले काढतं? तुही नोकरी पक्की, जाय."

पक्की नोकरी. तेवढ्यावर गप्प बसायला हरकत नव्हती...

मी म्हटलं, "सकाळी माझं नाव अख्ख्या दुकानासमोर घेतलं सेठजी. आता हेही तिथंच सांगा."

मला वाटलं, संपलं. पण ते दार उघडून गादीपाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मशीन पोरीनं नाही बिघडवली. आमच्या हातानं बिघडली. इनं नीट केली."

दिवाणजी वहीत बघत बसले.

सेठजी आता नाहीत. नोकरीबद्दल नाही, पण त्या तीन वाक्यांबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. आणि तरी एक सांगते... मी मागितली नसती, तर ती त्यांनी कधीच म्हटली नसती.