इरफाननं शिवलेली सीट

त्या वर्षी आमची पोस्टिंग उत्तरेतल्या डोंगरात होती. मी एमटी सेक्शनमध्ये, म्हणजे गाड्यांच्या विभागात, ड्रायव्हर होतो. काम रसद पोहोचवण्याचं. खालच्या डेपोतून आटा, डाळ, रॉकेल, कधी सिमेंट भरायचं आणि वरच्या तळापर्यंत न्यायचं. पहाटे फॉल इन, म्हणजे हजेरीची रांग, उजाडता उजाडता पहिली गाडी गेटबाहेर. रात्री वर मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. गोळीबार मी फारसा पाहिलेला नाही. हे आधीच सांगतो, कारण फौजेतला माणूस म्हटलं की कॉलेजातली मुलं लगेच तेच विचारतात.

मी आता सोलापुरात बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं घर जेऊरजवळ वस्तीवर. घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि तोही फौजेतून आल्यावर, चौतिसाव्या वर्षी. सरांनी वर्गात अनुभव लिहायला सांगितला तेव्हा मी आधी बर्फाबद्दल लिहिलं होतं. ते फाडून टाकलं. हे नीट जमेल की नाही, माहीत नाही.

फौजी ट्रक बाहेरून दणकट दिसतो. आत ड्रायव्हरची सीट म्हणजे एक फळी, तिच्यावर दबून चपटा झालेला काथ्या आणि फाटकं रेक्झिन. पाठीमागचा टेका सरळ भिंतीसारखा. डोंगरातल्या रस्त्यावर दिवसभर त्या सीटवर आपटत राहिलं की कमरेखाली एक कळ बसते आणि ती रात्री झोपेतही जागी राहते. मला ती दोन वर्षांपासून होती. मी कोणाला सांगितलं नव्हतं.

नाईक इरफान शेख आमच्याच सेक्शनमध्ये होता. तो सोलापूर शहरातला. त्याचे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ ट्रकच्या सीटा बनवतात. टॉवेल-चादरींचा माल न्यायला येणारे ट्रकवाले त्यांची गिऱ्हाइकं. इरफान भरती होण्याआधी वडिलांच्या हाताखाली होता. त्यानं माझी पाठ पकडली.

"कदम, तू गाडीतून उतरतोस का पोतं उतरवतोस?"

"का रं?"

"आधी एक पाय, मग थांबणं, मग दुसरा पाय. पाठ गेलीय तुझी."

"न्हाय. झोप झाली न्हाय."

"मग जा की सिक रिपोर्टला."

मी जाणार नाही हे त्याला ठाऊक होतं. सिक रिपोर्टला, म्हणजे फौजी डॉक्टरकडे, पाठ सांगितली की लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे स्टिअरिंग सुटलं आणि स्टोअरमध्ये बसून पोती मोजायची. प्रमोशनही अडकतं. ड्रायव्हर लोक पाठ लपवतात. मी एकटाच नव्हतो.

रविवारी त्यानं एमटी पार्कच्या मागे ओली रेती पसरली आणि मला तिच्यावर बसायला सांगितलं. त्याच्या वडिलांची माप घ्यायची ही पद्धत होती. आजूबाजूला बाकीचे ड्रायव्हर गोळा झाले.

"बस की. नव्या नवरीसारखा लाजतोस काय? अब्बाकडं मिशीवाले ट्रकवाले बसतात."

मी बसलो, उठलो. इरफान रेतीतला ठसा वाकून बघत राहिला.

"सगळा भार उजवीकडं. डावा कुल्ला जेऊरलाच ठेवून आलास की."

सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते.

त्यानं नवी फळी घेतली. खाली कडक फोम, वर मऊ. पुढची कड उतरती कापली, म्हणजे मांडी दाबली जात नाही. कमरेपाशी मुठीएवढा फुगवटा दिला. कव्हरला वडिलांनी पार्सलनं पाठवलेल्या जाड चादरीचं कापड. सुई ओठात धरून तो बोलायचा, त्यामुळे अर्धे शब्द कळायचे नाहीत. अशीच एक सीट त्यानं स्वतःच्या गाडीला केली होती. आमचे सुभेदार साहेब हरियाणाचे. ते येऊन बघून गेले आणि एवढंच म्हणाले, "पुरानी सीट संभाल के रखना. इन्स्पेक्शन में वही लगेगी. ये मैंने देखी नहीं."

पहिल्या फेरीला मी वर पोहोचलो आणि मध्ये न थांबता गाडीतून नुसता उतरलो. एवढंच. पण खूप दिवसांनी तसा उतरलो होतो. बाकीचे माझ्या गाडीला 'महाराजा की सवारी' म्हणू लागले. सैनिकाला आराम लागतो हे ऐकायला बरं वाटत नाही. गावी बैलगाडीच्या साटीवर, उघड्या फळ्यांवर बसून दिवस काढलेल्या बापाचा मी मुलगा, मला तर मुळीच बरं वाटायचं नाही.

पुढे गाड्यांचं वार्षिक इन्स्पेक्शन आलं. आम्ही आमच्या सीटा काढून जुन्या बसवल्या. इन्स्पेक्शन संपलं त्याच संध्याकाळी ऑर्डर आली. पावसानं रस्ता बरेच दिवस बंद होता, तो उघडला होता. सकाळी कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, निघणार होता. इरफाननं अंधार पडायच्या आत स्वतःची सीट बसवली आणि पाना घेऊन माझ्या गाडीकडे आला. समोरच्या कठड्यावर चार-पाच जण चहा पीत बसले होते.

"आ गयी महाराजा की गद्दी," कोणीतरी म्हणालं.

"राहू दे," मी इरफानला म्हणालो. "वरनं आल्यावर बघू."

"बघ हं."

"दोन दिवसाचा तर प्रश्न हाय."

सकाळी निघालो. माझी गाडी सात नंबर, इरफानची आठ. सर्वांत पुढे कॉन्व्हॉय कमांडर, म्हणजे सुभेदार साहेबांची जीप. सर्वांत मागे रेडिओ सेटची जीप आणि ॲम्ब्युलन्स. पावसानं रस्त्याची चाळण केली होती. पहिल्या हॉल्टला माझी पाठ धरली. मला स्टिअरिंगमागून हलता येईना. इरफाननं खालून हात दिला आणि मला उतरवून घेतलं.

"माझ्या गाडीत बस. वरच्या टप्प्यापर्यंत. तिथं परत बदलू."

"साहेबांना सांगावं लागंल."

"सांग की. मग आज संध्याकाळी तू सिक रिपोर्टला."

कमांडरच्या हुकमाशिवाय ड्रायव्हरनं गाडी बदलायची नसते. पण ड्रायव्हर आपसात बदलतात, घाटापुरती, चहापुरती. आम्हीही बदलली. तो माझ्या केबिनमध्ये चढला आणि सीटवर एकदा बसून उठला.

"ही सीट हाय का पाट? कसा चालवतोस रे?"

मी त्याच्या गाडीत बसलो. पाठीला आधार मिळाला. मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं, आणि आठवलं की मान खाली जाते.

वरच्या टप्प्याच्या थोडं अलीकडे उजव्या कड्यावरून दगड आले. आधी बारीक, मग मोठे. सहा नंबर निघून गेली. सात नंबरच्या केबिनवर एक मोठा दगड बसला आणि गाडी कठड्याला घासून थांबली. मी ब्रेक मारला. धुळीत काही दिसत नव्हतं. दगड थांबल्यावर मी आणि ॲम्ब्युलन्समधला नर्सिंग असिस्टंट धावलो. मी धावू शकलो, हेही सांगितलं पाहिजे. त्यानं आत वाकून तपासलं, इरफानच्या मानेशी बोटं धरून ठेवली आणि माझ्याकडे न बघता मान हलवली.

रस्ता पुढे दगडांनी बंद झाला होता. सुभेदार साहेब पलीकडे अडकले होते. नर्सिंग असिस्टंट मागच्या जीपकडे गेला, मी त्याच्यामागे. रेडिओ ऑपरेटर दुसऱ्या युनिटमधून त्याच दिवसापुरता आलेला होता. आमच्यापैकी कोणाला तो ओळखत नव्हता. त्यानं ड्रायव्हर गेल्याची खबर सेटवर दिली.

"सात नंबर गाडी. ड्रायव्हर फेटल. ओव्हर."

खरखर झाली. मग सुभेदार साहेबांचा आवाज.

"सात नंबर. ड्रायव्हर सिपाही महादेव कदम. बेस को पास करता हूँ. ओव्हर."

मी माझं नाव ऐकलं. मला आधी आई दिसली, वस्तीवर, फोन कानाला लावलेली. आणि लगेच मनात आलं की नाही, हा फोन तिला येणार नाही. ती वाचली. मला हायसं वाटलं. किती वेळ, ते सांगता येत नाही. थोडाच. पण तेवढ्या वेळात फोन कोणत्या घरी जाणार आहे, याचा विचार मी केला नव्हता.

"थांबव," मी ऑपरेटरला म्हणालो. "कदम मी आहे."

तो माझ्याकडे वळला. "तो अंदर कौन है?"

मी जिवंत आहे हे सांगायला मला इरफानचं नाव घ्यावं लागणार होतं. ऑपरेटरनं हँडसेट माझ्या हातात दिला.

"साहेब, सिपाही कदम. मैं ठीक हूँ. सात नंबर पर नाईक इरफान शेख था. हमने गाडी बदली थी. ओव्हर."



"रॉजर," साहेब म्हणाले.

चौकशीत मी सगळं सांगितलं. शिक्षा झाली, किरकोळ. तपासणीत पाठही उघडी पडली. पुढे कॅटेगरी लागली आणि काही काळानं मी फौज सोडून घरी आलो. इरफानला सोलापुरात दफन केलं तेव्हा मी डोंगरातच होतो. त्यानंतरची पहिली रजा मिळाली तेव्हा मी जेऊरला न उतरता थेट सोलापूरला आलो आणि त्याच्या वडिलांच्या दुकानात गेलो. ते एका ट्रकची सीट उलटी टाकून खिळे मारत होते.

"कोण पायजे?"

"मी कदम. इरफानच्या युनिटमधला."

त्यांनी हातोडी खाली ठेवली. स्टूल पुढे केलं, पाणी दिलं.

"गाडी तुमची व्हती म्हणं."

"व्हय, चाचा."

"मग तो कसा काय त्या गाडीत?"

मी रस्त्यानं येताना बरीच वाक्यं जुळवली होती. दगड, पाऊस, हुकूम. त्यातलं एकही मी वापरलं नाही.

"माझी पाठ धरली व्हती," मी म्हणालो. "त्याच्या गाडीची सीट चांगली व्हती. त्यानं मला तितं बसवलं."

बाहेरून ट्रकवाल्यानं आवाज दिला, "चाचा, झालं का?"

"थांबा जरा," ते म्हणाले. मग कितीतरी वेळ ते समोरच्या फोमच्या तुकड्यावर हात फिरवत बसले. तो सरळ करत होते, पुन्हा सरळ करत होते. ते चिडतील, मला जायला सांगतील, असं वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"आता कशी हाय पाठ?" त्यांनी विचारलं.

"बरी हाय," मी म्हणालो.

बरी नव्हती. आजही नाही. पण त्या दुकानात बसून माझी पाठ दुखते असं पुन्हा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.