बाक आफ्रिकेत, ताट चिंचवडात

जे झालं ते बाईंमुळे, हे आधी सांगतो. नाव घालायचं नाही म्हणाल्या, म्हणून नुसत्याच बाई. चिंचवडात शाळेच्या एका खोलीत रविवारी सकाळी त्या आमच्यासारख्या अर्धवट शिकलेल्या कामगारांचा वर्ग घेतात. मी सहावीतून शाळा सोडून बीडकडून आलेला. हजेरीला ‘हजर’ म्हणायच्या ऐवजी नुसता हात वर करायचो.

बाई पुस्तक कमी, पेपर जास्त शिकवायच्या. एकदा बातमी वाचली: दक्षिण आफ्रिकेत बागेतला बाक गोऱ्यांचा, काळ्या माणसानं बसायचं नाही.

“तुम्ही तिथं असता तर काय केलं असतं?”

वर्ग पेटला. “बाक मोडला असता!” “गोऱ्याला बाकासकट नदीत, बाई!” आठवडाभर फोरमनसमोर माना खाली घालणारे आम्ही, तासाभरात आफ्रिका मोकळी करून बसलो.

“छान. पण तिकीट परवडायचं नाही,” बाई म्हणाल्या. “आपल्याकडचा बाक कुठाय?”

“आपल्याकडं असलं काय न्हाई, बाई,” खानावळीतला माझा शेजारी ठासून म्हणाला.

वर्गातले आम्ही बहुतेक एकाच खानावळीत, काकूंकडं जेवायचो. तिथं सगळ्यांची ताटं आत फळीवर आणि मी बौद्ध, म्हणून माझं बाहेर मोरीवरच्या कोनाड्यात. बाकीच्यांची ताटं मोलकरीण घासायची, माझं मी. गप्प राहावं असंच वाटत होतं. काकूंनी जेवण बंद केलं तर? मला साधा भात शिजवता येत नव्हता. उपाशी नोकरी होत नाही, म्हणजे गावाकडं परत.

बाईंनी नेमकं मलाच विचारलं. तोंडातून निसटलं, “कोनाडा.” मग काकू माझं ताट कुठं ठेवायला लावतात तेही सांगितलं.

शेजाऱ्यानं आ वासला. “आयला, ते तू हौसेनं ठिवतो वाटलं मला!”

“मोडतोड नको,” बाई म्हणाल्या. “भांडलात तर काकू ह्यालाच काढतील. ह्यानं काय करायचं ते विचारत नाही. तुम्ही काय करणार?”

दुपारी जेवण झाल्यावर एकेकानं आपलं ताट घासून कोनाड्यात कोंबलं. मावेनात ती मोरीच्या कठड्यावर. सगळी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एकाच दुकानातली. काकू बाहेर आल्या, ताटं उलटीपालटी केली.

“ही काय थेरं? ह्यातलं त्याचं कुठलं?”

“वळखा, काकू,” शेजारी म्हणाला.

“सगळ्यांना काढीन!”

“काढा की. मग पातेलंभर आमटी एकट्या प्या.”

काकूंनी पातेल्याकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं.

“ठेवा मेल्यांनो आत, सगळी फळीवर! पण आजपासून ज्याचं ताट त्यानंच घासायचं!”

तेव्हापासून आम्ही सगळे एका रांगेत राख घेऊन उकिडवे बसतो. शेजारी अजून शिव्या घालतो, “तुझ्या बाकापायी, राव, माझी नखं गेली!”

बाईंचा घसा हल्ली बसतो, तरी त्या रविवार चुकवत नाहीत. बाई, मी अजून चारचौघांत वाचताना अडखळतो. पण एका रविवारी पेपर मी वाचीन, प्रश्नही मीच विचारीन. तुम्ही घरी निवांत झोपा. तुमचं एवढं तरी फेडल्याशिवाय राहणार नाही.