कोरी चाळणी

बायकोचं सुतक फिटून, गंधमुक्ती उरकून चुडामण कामावर आला, तेव्हा कारखान्यात सगळे त्याच्याशी इतक्या हळू आवाजात बोलत होते, की जणू आजारी तोच होता. त्याने कोणालाच नीट उत्तर दिलं नाही. टेबल पुसलं, कॉम्प्युटर चालू केला आणि पडदा उजळायची वाट बघत बसला.

जळगावच्या एमआयडीसीत तोताराम नानांचा डाळमिलची यंत्रं बनवायचा कारखाना होता. चौऱ्याण्णव साली नानांनी ड्रॉइंगसाठी दोन कॉम्प्युटर घेतले आणि चुडामणला पुण्याला क्लासला धाडलं. त्याने घरी येऊन बायकोला, सुनंदाला शिकवलं, आणि बायको त्याच्यापेक्षा सरस निघाली. नानांनी तिलाही कामावर घेतलं. "गुरूपेक्षा चेला बरा," असं ते चारचौघांत म्हणायचे. चुडामणला त्याचा राग कधी आला नाही. उलट तोच ही गोष्ट सासरी दोनदा सांगायचा.

नानांचा एक नियम होता. प्रत्येकाने आपलं काम आपल्याच नावाच्या लेयरवर करायचं. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या ट्रेसिंग पेपरांसारखा थर. हवा तेव्हा दाखवायचा, नको तेव्हा लपवायचा. चूक कोणाची ते लगेच कळावं, म्हणून नानांनी ही सोय केली होती. नाना माणसं ओळखून होते.

पावसाळ्यात सुनंदाला कावीळ झाली आणि ती गेली. दारावर आलेल्या बायका रडल्या, पुरुष मान खाली घालून बसले. चुडामण रडला नाही. "दगडच शे," असं कोणीतरी ओट्यावर म्हणालं, ते त्याने ऐकलं आणि त्यालाही ते पटलं. ताट पुढे आलं की तो जेवायचा, अंथरूण घातलं की आडवा व्हायचा. त्याला काहीच वाटत नव्हतं, आणि भीती वाटायची तर तेवढ्याचीच. घरात कोणी तिचं नाव काढत नव्हतं. साड्या बहिणीने चोपड्याला नेल्या, लग्नाचा फोटो आईने उतरवून ठेवला. भिंतीवर उरलेल्या खिळ्याला चुडामणने शर्ट अडकवला.

आता चाळीसगावच्या एका मिलची चाळणी अडून बसली होती. तिचं ड्रॉइंग सुनंदाने अंथरूण धरायच्या आधी पुरं केलं होतं. ते तिचं शेवटचं काम. चुडामणने फाईल उघडली. त्याने स्वतः काढलेली चौकट दिसली, बोल्ट दिसले. मधला पत्रा मात्र कोरा. चाळणीला एकही भोक नाही.

मग सल्ल्यांना काय तोटा! जळगावात ज्याच्या घरी कॉम्प्युटर नाही, त्यालाही त्यातलं कळतं. एक म्हणाला पडदा बिघडला, दुसरा म्हणाला व्होल्टेज कमी आहे, तिसऱ्याने वायर काढून फुंकर मारून परत लावली. चुडामणने प्रत्येकाचं ऐकलं. चित्र लहान करून पाहिलं, मोठं करून पाहिलं. मशीन बंद करून चालू केलं. शेजारच्या टेबलावरच्या हिलालचा पडदा आणून जोडला. पत्रा कोराच. शेवटी कागदावर छापून पाहिलं, तर कागदावरही तेच. म्हणजे पडद्याचा दोष नव्हता.

हिलाल मघापासून गप्प होता. एरवी त्याला गप्प बसवायला पैसे द्यावे लागायचे.

नाना केबिनमधून बाहेर आले. "काय व्हयनं रे भाऊ?"

"भोकं दिखत नही, नाना."

"मंग नवीन काढी टाक. तिन्हं काम..." नाना अडखळले. "जुनं ऱ्हाऊ दे."

"काढस," चुडामण म्हणाला. तिचं शेवटचं काम टाकून आपण दुसरं काढणार आहोत, हे त्याला कळलं. पण कळूनही आत काही हललं नाही.

काढायच्या आधी त्याने सहज फाईल केवढी आहे ते पाहिलं. कोऱ्या पत्र्यासाठी ती फारच मोठी होती. म्हणजे भोकं आत होती. अशा वेळी आधी लेयरची यादी उघडायची असते, हे कालचा शिकाऊसुद्धा सांगेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण चुडामणचा वळसा चुकून पडलेला नव्हता. त्या यादीत तिचं नाव असणार, हे त्याला सकाळपासून माहीत होतं.

त्याने यादी उघडली. त्याचं नाव, हिलालचं नाव, आणि खाली सुनंदा. तिच्या नावापुढे लिहिलं होतं, गोठवलेला.

"मीच सांगं व्हतं हिलालले," नाना मागून म्हणाले. "तुले तिन्हं नाव दिखाले नको म्हणीसन." घरच्यांनी फोटो उतरवला तसा नानांनी थर झाकला होता. त्या थरावर चाळीसगावची चाळणी आहे, हे त्या बिचाऱ्यांच्या ध्यानातच आलं नाही.

चुडामणने थर मोकळा केला. पडदा कोरा झाला आणि मशीन सगळं पहिल्यापासून काढू लागलं. मशीन संथ होतं, आणि जे ज्या क्रमाने काढलं त्याच क्रमाने ते पुन्हा काढायचं. आधी त्याची चौकट, मग बोल्ट. मग डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात पहिलं भोक उमटलं. सुनंदा नेहमी तिथूनच सुरू करायची, दारापुढे रांगोळीचे ठिपके घालावेत तसं, ओळीने. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. मग तिसरी सोडून एकदम चौथी आली, आणि मशीन मागे फिरून तिसरी भरू लागलं.

त्याला आठवलं. दुसरी ओळ संपली तेव्हा त्याने तिला चहाला हाक मारली होती. चहा पिऊन ती परत बसली आणि ओळ चुकली. "तुमच्यामुळे झालं हे," म्हणाली होती, आणि हसली होती.

चुडामणचा हात तोंडावर गेला. खांदे हलू लागले. हिलालने मान फिरवली.

पत्रा भरला. जरा वेळाने नानांनी विचारलं, "बठ्ठं शे ना? मंग वर्कशॉपमा धाडी दे."

"थांबा नाना," चुडामण डोळे पुसत म्हणाला. "एक ओळ परत देखनी शे."

त्याने चित्र पुन्हा काढायची आज्ञा दिली. पडदा कोरा झाला, आणि तो तिसऱ्या ओळीची वाट बघत बसला.