दर दुसऱ्या शनिवारी, दुपारी एक

आमच्या पालघरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारा प्रदीप मनोरपलीकडच्या पाड्यावरचा. माझा मित्र, आणि महाहट्टी. भंगारात निघालेल्या एका कॉम्प्युटरवर त्यानं मूडल हे ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर बसवलं आणि धडे, चाचण्या, गुण सगळं त्यावर चढवलं. कुणी ‘फुकटचं सॉफ्टवेअर’ म्हटलं की भडकतो. “फुकट नाही, मुक्त! आपल्याला हवं तसं बदलता येतं.” हे वाक्य मी आता झोपेतही म्हणेन.

यंदा त्यानं एक आड एक, दर दुसऱ्या शनिवारी दुपारी एकला चाचणी लावली. दीडला ती आपोआप बंद. सातपाटीची समिधा पहिल्या तिन्ही चाचण्या चुकली. चौथीही चुकली तर तिला सेमिस्टरच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं.

“म्हणे तेव्हाच बंदरात बोटी येतात, म्हणून जमत नाही! दर वेळी चाचणीलाच? थापा आहेत,” प्रदीप म्हणाला आणि चौथ्या चाचणीच्या दिवशी मला मोटारसायकलवर बसवून थेट सातपाटीला निघाला.

बंदरात भरतीचं पाणी चढलेलं, बोटी एकामागून एक आत येत होत्या. समिधा आणि तिची आई प्रेमला मासळी उतरवून घेत होत्या. “उबे काय राहिलात सर? ही पाटी धरा जरा,” प्रेमलाबाई म्हणाल्या. प्रदीपनं धरली. मग दुसरी, मग तिसरी. घड्याळ पाहिलं तेव्हा पावणेदोन झाले होते.

“खाडीत गाळ हाय, सर,” समिधा म्हणाली. “भरतीशिवाय बोट आत येत नाय. आनि भरती पंधरा दिवसांनी फिरून याच वेळेला येते, थोडी मागंपुढं.”

प्रदीपनं बोटांवर हिशेब केला. त्याची प्रत्येक चाचणी ऐन भरतीतच पडत होती. संख्याशास्त्राच्या मास्तरला हे दिसू नये, याचा मला मनापासून आनंद झाला.

“पण वेळ ठरलेली आहे,” तो पुटपुटला.

“मुक्त हाय ना? हवं तसं बदलता येतं, तुमीच सांगता,” समिधा म्हणाली.

पालथ्या पाटीवर बसून त्यानं मोबाइलवरून चाचणी पुन्हा उघडली. समिधानं हात धुतले आणि तिथंच ती सोडवली. वीसपैकी अठरा.

पुढच्या आठवड्यात मूडलच्या कॅलेंडरवर वर्षभराच्या भरत्या चढल्या. जुलैत आणखी एक नोंद होती, कुणीच न मागितलेली: ‘भातलावणी. चाचणी नाही.’

मी विचारलं तेव्हा प्रदीप म्हणाला, “माझं एक वर्ष लावणीत बुडालं. तेव्हा बांधावर बघायला कुणी सर आले नव्हते.”