पोकळ गिटारीतल्या अक्षता

माझी बेस गिटार आतून पोकळ आहे, हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्या पोकळपणामुळे घडलं. हल्लीच्या बेस गिटारी भरीव लाकडाच्या असतात, पाटासारख्या. माझी साठेक वर्षांपूर्वीच्या धाटणीची आहे. फुगीर पोट, कडांना काळपट आणि मधे मधाचा रंग, तारांच्या दोन बाजूंना इंग्रजी एफ अक्षरासारखी दोन लांबट भोकं. ती जुनी नाही, पण दिसते आणि वाजते जुन्यासारखी. आवाज गोल, खोलातला, जरा झोपाळू. नागपुरातल्या एका वादकानं ती विकायला काढली होती. मी नुसती बघायला म्हणून गेलो आणि घेऊन आलो. माझं लग्नसुद्धा याहून जास्त विचार करून झालं होतं.

आमचं घर मुर्रीला. धानाची शेती वडील बघतात आणि मी गोंदियात पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करतो. वडिलांच्या लेखी वस्तू दोन प्रकारच्या, कामाच्या आणि बाकीच्या. गिटार बाकीच्यांत. सहा वर्षं ते तिला डबा म्हणत आले. "कायले वाजवून राहिला तो डबा? आयकू तं काहीच येत नाही," असं ते विचारत. यात खोटं काही नव्हतं. गाणं चालू असताना बेसकडे कुणाचं लक्ष नसतं. असलं तर समजावं, काहीतरी चुकलंय.

गेल्या वर्षी फुलचूरच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीत जागा मिळेल असं दिसलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि पार ‌केशोरीपर्यंत कार्यक्रम लागतात. अडचण एकच होती. पार्टीचा की-बोर्डवाला बेसचे सूर डाव्या हातानं काढायचा, त्यामुळे वेगळा बेसवाला हवाच कशाला, हा मालकाचा प्रश्न. शेवटी त्यांनी मला दसऱ्याच्या दुपारी तालमीला बोलावलं. दोन गाणी वाजवायची, मग ठरवू म्हणाले. आज हे थंडपणे लिहितोय, पण तेव्हा मला ती जागा इतकी हवी होती की आठवडाभर जेवण नीट जात नव्हतं. हे घरात कुणापासून लपलं नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, वडील अवजारांची पूजा करतात. नांगराचा फाळ, विळे, कुदळ, फवारणीचा पंप, माझं वाइंडिंगचं मशीन, सगळं धुऊन ओसरीवर ओळीनं मांडलं जातं. त्या वर्षी मांडामांड झाल्यावर ते कमरेवर हात ठेवून थांबले आणि म्हणाले, "आण तुहा बाजा."

मला वाटलं, चेष्टा करताहेत.

"तोही उद्या कामावर जाऊन राहिला ना? मंग त्याले काऊन सोडाचा?"

मी गिटार आणून कुदळीशेजारी ठेवली. डब्याचा बाजा झाला होता, हे तेवढ्या गडबडीतही माझ्या लक्षात आलं. वडिलांनी हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं आणि ओल्या कुंकवातल्या अक्षता मूठ भरून टाकल्या. फाळावर टाकतात तशाच, हात राखून नाही. चार-पाच दाणे भोकातून आत गेले. मी ते पाहिलं. भोकावर हात धरता आला असता, पण वडिलांचे डोळे मिटलेले होते आणि मला हलवेना. पूजेतली वस्तू उत्तरपूजेपर्यंत जागची उचलायची नाही, हा घरचा नियम. गिटार रात्रभर ओसरीवरच राहिली.

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाल्यावर मी ती उलटी करून हलवली. काही पडलं नाही. पुन्हा हलवली, थापट्या मारल्या, काही वाजलंही नाही. मला वाटलं, आपल्याला नुसता भास झाला. दाणे ओले होते आणि आतल्या लाकडाला चिकटून बसले होते, हे मला दुपारी कळलं.

तालमीचा हॉल पत्र्याचा होता, चुलीवर तवा ठेवावा तसा तापलेला. पहिलं गाणं चांगलं गेलं. गाणारी मागं वळून माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. दुसऱ्या गाण्यात जाड तारेवर आलो आणि गिटारीच्या पोटातून खर्र असा आवाज उठला. दाणे वाळून सुटले होते. प्रत्येक खालच्या सुराला खर्र.

मालकानं हात वर केला. "भैया, ये मशीन में कंकड़ है क्या?"

मी गिटार डोक्यावर उलटी धरून हलवू लागलो. की-बोर्डवाला काही वाईट माणूस नव्हता. वेळ जाऊ नये म्हणून त्यानं गाणं पुढं चालू केलं, डाव्या हातानं बेस धरून. गाणं पुरं झालं. त्यात कुठं काही कमी वाटलं नाही, मलासुद्धा नाही. तोवर दोन लाल दाणे माझ्या पायाशी पडले होते. बाकीचे आतच होते.

मालकानं दाण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अच्छा बजाते हो। पर इसके लेफ्ट हैंड से काम चल रहा है ना, भैया।"

त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मी दाणे उचलून खिशात टाकले, चहा घेतला आणि निघालो. रस्त्यात वडिलांचा राग आला. मग मिटलेले डोळे आठवले आणि राग टिकेना, याचाच जास्त त्रास झाला.

वडील ओसरीवर बसून होते. एरवी त्या वेळी ते बांधावर असतात.

"घेतलं का तुले?"

"नाही."

"काऊन? बाजा बिघडला का?"

अक्षतांमुळे बिघडला म्हणालो असतो तर ते एवढंच बोलले असते, "असं का?" आणि उठून शेतात गेले असते. पुढच्या नवमीला गिटार मांडा म्हणून मी त्यांच्या पाया पडलो असतो, तरी त्यांनी तिला हात लावला नसता. हे मला त्यांच्यासमोर उभं राहून एका क्षणात कळलं.

"बाजा ठीक आहे," मी म्हणालो. "मीच कमी पडलो. हात कच्चा आहे म्हणाले."

त्यांनी गिटारीची पिशवी माझ्या खांद्यावरून उतरवून घेतली. मग म्हणाले, "मंग शिक ना गा. एवढा चांगला बाजा आहे."

तेव्हापासून त्यांनी गिटारीला एकदाही नाव ठेवलेलं नाही. पाहुणे आले की ते स्वतः आत जाऊन ती बाहेर आणतात, दोन्ही हातांवर आडवी धरून दाखवतात आणि माझ्यादेखत सांगतात, "बाजा एक नंबर आहे. पोराले वाजवता येत नाही."