मी बसते म्हणून

"म्हणा, ही कोण? खिचडीवाली. सगळ्यांनी एकदम."

पोरं म्हणाली. पाढे म्हणतात तसं, सूर लावून. गुरुजींनी हात वर केला की म्हणायचं, एवढी त्यांना सवय आहे. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. माझी पोरगी दुसऱ्या रांगेत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग गुरुजींच्या हाताकडे पाहिलं. तिचेही ओठ हलले.

झालं होतं असं. शाळा बघायला साहेब आले होते. त्यांनी पोरांना विचारलं, "रोज कोण शिकवतं रे?" पोरांनी सरळ माझ्याकडे बोट केलं. "मॅडम!" साहेबांनी वळून पाहिलं. मी पदर खोचलेली, हाताला काजळी. साहेबांना हसू आलं. गुरुजी त्यांच्याहून मोठ्याने हसले.

"डोंगरातली पोरं, साहेब. जी खायला घालेल तिला मॅडम म्हणतात." मग माझ्याकडे वळून, "मावशी, सांगा की साहेबांना, तुम्ही किती शिकल्या?"

"चौथी."

"पास का नापास?"

पुन्हा हशा. मोठी माणसं हसतात म्हणून पोरंही हसली. त्यानंतर गुरुजींनी हात वर केला आणि पोरांकडून ते म्हणवून घेतलं. साहेबांनी माझा चहा घेतला, साखर जास्त झाली म्हणाले आणि निघून गेले.

मी शाळेत खिचडी शिजवते. माझं काम तेवढंच. पण शाळेला गुरुजी एकच, आणि ते राहतात तळोद्याला. जीप आमच्या पाड्यापर्यंत येत नाही, खालच्या वळणावर सोडते. पुढे चढ. पहिल्यांदा त्यांची आई आजारी होती. म्हणाले, दोन दिवस पोरांना नुसतं बसवून ठेव. त्या दोन दिवसांवर किती पावसाळे गेले. आता ते आठवड्यात एखादे दिवशी येतात. बाकी दिवशी सकाळी फोन, त्यांच्या अहिराणीत. "आज येवाव नही. पोरेसले देखी ले." साहेबांपुढे मावशी, तुम्ही. फोनवर नुसतं तू.

मग माझा दिवस सुरू. पाणी, लाकडं, घंटा. डाळ-तांदूळ चढवायचे आणि वर्गात धावायचं. पहिलीच्या पोरांना मराठी कळत नाही, त्यांना आमच्या पावरीत सांगायचं. तोवर खाली लागल्याचा वास येतो. परत चुलीकडे. फळ्याला काजळी लागते, पातेल्याला खडू. दुपारी भांडी घासता घासता डोळे मिटतात. घरी गेलं की तिथली चूल. नवरा म्हणतो, "तुला सांगितलंय कुणी एवढं?"

खरं लिहिते. मला आवडायचं. पोरं मॅडम म्हणायची ते आवडायचं. त्याआधी मला कुणी काही म्हटलंच नव्हतं.

साहेब येऊन गेल्यावर पोरगी माझ्याशी नीट बोलेना. मीही विचारलं नाही. मग एका संध्याकाळी तिने गणिताचं पुस्तक पुढे केलं. ती चौथीत आहे. मोठ्या आकड्यांचा भागाकार होता. तो मला येत नाही. मी तिथपर्यंत आले होते, तेवढ्यात माझी आई गेली आणि शाळा सुटली. वर्गात ते पान आलं की मी पुढचं काढते. हे गुरुजी शिकवतील, म्हणते.

पोरगी म्हणाली, "गुरुजी कधी शिकवतील?"

खिचडीवाली म्हटल्याचं दुखलं होतंच. हे त्याहून आत गेलं. मी बसते म्हणून घंटा वाजते. घंटा वाजते म्हणून पाड्याला वाटतं शाळा चालू आहे. शाळा चालू आहे म्हणून गुरुजी घरी. त्यांची मुलं तळोद्यात शिकवणीला जातात. माझी पोरगी माझ्याएवढीच शिकणार. ज्या खुर्चीवर मी खूश होते, ती तिच्या वाटेत ठेवलेली होती.

पुढचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, "नाही."

"काय नही?"

"वर्गात बसणार नाही. खिचडी करीन."

"येडी झायी का तू? खिचडी कराले दुसरी भेटी जाई मले."

"बघा दुसरी."

मीच फोन बंद केला.

त्या दिवशी मी चूल पेटवली. घंटा दिली नाही, वर्ग उघडला नाही. पोरं अंगणात खेळत बसली. थोड्या वेळाने पाड्याचे कारभारी आले. माझे चुलत सासरे लागतात. त्यांच्यापुढे मी कधी तोंड उघडलेलं नाही.

"काय व, शाळा का बंद?"

"गुरुजी आले नाहीत."

"काल तरी कुठे आले होते? काल तर चालू होती."

"काल मी बसले होते."

"मग आज बस. तुझं काय जातंय?"

माझ्या डोक्यावरचा पदर घसरला. मी तो सावरला नाही. म्हणाले, "मी बसले तर ते कधीच येणार नाहीत. तुमचा नातूही माझ्याएवढाच शिकेल. चालेल तुम्हाला?"

"लई बोलायला लागली," ते म्हणाले. "काम जाईल तुझं."

ते गेले. दुपारी मी पोरांना वाढलं, भांडी घासली, घरी आले. कुणी शाबासकी दिली नाही. पोरं उनाडतात म्हणून दोन बायका दारात येऊन भांडून गेल्या. मी फार थकले आहे.

उद्या फोन येईल. परवाही येईल. माझं उत्तर तेच. चुलीवरून काढलं तर मजुरीला जाईन. पाडा बोलेना झाला तर न बोलता राहीन, मला त्याची सवय आहे. पण गुरुजींच्या जागी मी उभी राहणार नाही. वर्ग रिकामा आहे ना? मग रिकामा दिसू दे. सगळ्यांना दिसू दे.