बहारीनच्या बर्फाखालची नावं

"बहारीनला जातोय, काय काय बघू?" असं वाचक विचारतात आणि मी उत्तर टाळते. मी पाहिलेलं बहारीन आता कुठल्या टॅक्सीवाल्याला सापडेल असं वाटत नाही. तरी एकदा सांगून टाकते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी वसईची, नुकतीच बीए झालेली, आणि पप्पांना घरी परत आणायला निघालेली.

पप्पांचं नाव इनास. आधी ते वसईच्या बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक होते आणि फावल्या वेळात होड्यांवर नावं रंगवायचे. मी दुसरीत असताना ते बहारीनला गेले. दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर यायचे, तेव्हा पाणीसुद्धा पाहुण्यासारखं मागून घ्यायचे. आता त्यांचा करार संपत आला होता. नव्या कागदावर सही व्हायच्या आत मी जाऊन त्यांना गाठायचं, असं मम्मीने ठरवलं. "पत्रात येतो येतो लिहितात आणि तिकडे सही करून मोकळे होतात. तू समोर बस त्यांच्या," ती म्हणाली.

मे महिना होता. विमानाच्या दारातच दमट हवा अंगाला चिकटली. समुद्र इतका उथळ आणि फिका की आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. पहिले दोन दिवस मी अर्धवट झोपेत असल्यासारखी फिरले. पप्पांची खोली मनामाच्या बाजारामागे होती. सकाळी भट्टीतली गरम खबूस रोटी आणि दुधाचा चहा घेतला की दोघांचं पोट पाव दिनारच्या आत भरायचं. शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सा ऐकली, कारण तिकडे रविवार कामाचा. मग सामायिक टॅक्सीने सनद नावाच्या गावाला पप्पांच्या मित्राकडे जेवायला गेलो. तळलेली साफी मासळी आणि भात. मित्राची मुलगी मराठी सगळं समजायची आणि उत्तर मात्र इंग्रजीत द्यायची. मी सारखी पप्पांच्या तोंडाकडे बघत होते. परत यायचा विषय काढला की ते म्हणायचे, "बघू, इंशाल्ला." त्या इंशाल्लाचा मला भयंकर राग यायचा.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "स्वेटर आणलायस? चल, काम दाखवतो."

बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि ते मला बर्फाच्या मैदानावर घेऊन गेले. एका मोठ्या शेडखाली स्केट्स घालून घसरत खेळायची जागा. वर्षातून एकदा सगळा बर्फ वितळवायचा, पाइप तपासायचे आणि नवा बर्फ घालायचा. पप्पा नळीने पाण्याचा बारीक फवारा मारत, गोठू देत, पुन्हा मारत. एकेक थर पापडाएवढा. पांढरी वाफ जमिनीवर तरंगत होती आणि पप्पा त्यातून अनवाणी चालल्यासारखे हळूहळू मागे सरकत होते. घरी मी त्यांना कधीच इतकं निवांत पाहिलं नव्हतं.

तिथे आणखी दोघं मदतीला होते. एक पांढऱ्या मिशांचा कॅनडाचा इंजिनीअर, त्याला सगळे कॅप्टन म्हणत. दुसरा यूसुफ, तिथलाच, बँकेत कारकून आणि संघाचा गोलकीपर. हा आइस हॉकीचा संघ सत्तरच्या दशकात चार परदेशी लोकांनी हौसेने काढला होता. बेटावर दुसरा संघच नाही, म्हणून दर शुक्रवारी अर्धे अर्धे होऊन आपसातच खेळायचे. "आम्ही कधीच हरलो नाही," कॅप्टन इंग्रजीत म्हणाला, "आणि जिंकलोही नाही."

पहिल्या थरांवर पांढरा रंग बसला तसे पप्पांनी ब्रश घेतला आणि गोलच्या मागे निळ्या अक्षरांत लिहायला लागले. माट्टी. डग्लस. सालेम. देवनागरीत! करार संपला, व्हिसा संपला, की खेळाडू बेट सोडून जायचा. गेलेल्याचं नाव बर्फाखाली लिहायचं, ही संघाची रीत. होड्यांवर वळलेला पप्पांचा हात याच अक्षरांत चालायचा, म्हणून सगळी मंडळी मराठीत. दर वर्षी बर्फाबरोबर नावं वाहून जात आणि पप्पा ती पाठ असलेली पुन्हा लिहीत.

"तुला वाचता येतं?" कॅप्टनने विचारलं. मी मोठ्याने वाचू लागले. तो टोपी हातात घेऊन ऐकत होता आणि प्रत्येक नावामागची गोष्ट सांगत होता. माट्टीने फिनलंडहून काठ्या आणल्या होत्या. डग्लसचा दात इथेच पडला. सालेमने पाच वर्षांत एकही गोल केला नाही, तरी एक शुक्रवार चुकवला नाही. असल्या पोरकट गोष्टी ऐकताना मला रडू का येत होतं, देव जाणे.

यूसुफ पप्पांना हिंदीत म्हणाला, "अंकल, आप गया तो ये काम खलास. दूसरा कोई आदमी मफी." मफी म्हणजे नाहीच.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. मम्मीची तेरा वर्षं माझ्या बाजूने होती. ते पुन्हा नळी घेऊन उभे राहिले. नावांवर पाणी चढलं, धुरकट झालं आणि गोठलं.

"सही करत नाही," फवारा मारता मारताच ते म्हणाले. "नाताळाला येतो. कायमचा."

मी आनंदाने त्यांना मिठी मारली. तेवढ्यात यूसुफ पाठ फिरवून उगाच नळीचं वेटोळं करताना दिसला, आणि माझा आनंद थोडा ओशाळला.

पप्पा आले. मम्मी सुखावली. त्यांना पाणी मागायची सवय सुटायला वर्ष लागलं. त्याआधीच, मेमध्ये, कॅप्टनचं पत्र आलं: बर्फ वितळवलाय, नवा मेकॅनिक चांगला आहे, पण गोलमागची जागा कोरी आहे.

पप्पांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग मोठा कागद मागून ओट्यावरच पसरला आणि ब्रशने सगळी नावं लिहून काढली. तो कागद पोस्टाने पाठवला; तिकडे ती बर्फावर चित्रासारखी गिरवली जात. पुढची काही वर्षं उन्हाळा आला की नव्याने गेलेल्यांची यादी बहारीनहून इंग्रजीत यायची आणि आमच्या स्वयंपाकघरातून मराठीत परत जायची.

मी काय हिरावलं आणि काय मिळवलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पप्पा एकही नाव विसरत नसत, फक्त स्वतःचं कधी लिहीत नसत. ते मी लिहायचे, शेवटच्या ओळीत, पाकीट चिकटवायच्या आधी.